नर्सिंगच्या मुलींना जर्नल उतरवायला लावू नका, पेशंटचा नकाशा काढायला शिकवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१२ मे ला परिचारिका दिन झाला, तुमच्या पेपरात पण फोटो आले, मेणबत्त्या हातात घेऊन शपथ घेणाऱ्या मुली, सत्कार, पुष्पगुच्छ, बघून बरं वाटलं. त्या एका दिवशी सगळे सिस्टर लोकांच्या सेवेबद्दल बोलतात आणि ते खरंच आहे, पण सिस्टर विचार कसा करते आणि तो विचार करायला तिला कॉलेजात कोण आणि कसं शिकवतं याबद्दल कुठंच काही छापून येत नाही. म्हणून कन्सेप्ट मॅप, म्हणजे पेशंटच्या सगळ्या अडचणी बाणांनी जोडून दाखवणारा नकाशा, या शिकवायच्या पद्धतीबद्दल हे पत्र लिहायला बसले. जरा लांब झालंय, पूर्ण छापता आलं तर फार उपकार होतील, नाहीतर मधला डिगॉक्सिनचा आणि विडीवाल्या मावशींचा भाग तरी ठेवा.

मी सोलापुरातच नर्सिंग शिकवते. आधी नऊ वर्षं वॉर्डात ड्युटी केली, आता चौदा वर्षं झाली शिकवतेय. माझ्याकडे येणाऱ्या मुली आणि हल्ली मुलं पण अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, करमाळा, बार्शी अशा तालुक्यांतून येतात, बहुतेक सगळे दहावीपर्यंत मराठी मिडियमचे, काही कन्नड शाळेतले, शहरातल्या पूर्व भागातल्या मुलींच्या घरी तेलुगू. हुशार असतात, कामाला वाघ असतात. आणि आपण त्यांना करायला काय लावतो, तर जर्नल उतरवायला.

ज्यांच्या घरी नर्सिंगचं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येक पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात शिकायला पाठवतात तेव्हा, मुलीला एखादा पेशंट देतात आणि त्याचा केअर प्लॅन, म्हणजे त्याची काळजी कशी घ्यायची तो आराखडा, जर्नलच्या वहीत लिहायला सांगतात. आडव्या कागदावर रकाने असतात, असेसमेंट, नर्सिंग डायग्नोसिस, गोल, इंटरव्हेन्शन, इव्हॅल्युएशन. नर्सिंग प्रोसेस म्हणतात त्याला आणि ती चांगलीच गोष्ट आहे, पेशंट बघा, अडचण ओळखा, ठरवा, करा आणि केल्यावर काय झालं ते परत बघा, यात चूक काहीच नाही. चूक आहे ती आपण तिचं जे करून ठेवलंय त्यात. सीनियरचं जर्नल ज्युनियरकडे जातं, तिच्याकडून तिच्या ज्युनियरकडे, झेरॉक्सच्या दुकानात तर आख्खा संच मिळतो, आणि मग सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या खोलीत चार जणी मिळून स्केचपेनने रकाने आखतात आणि उतरवतात. मेडिकल वॉर्डातला पेशंट आज ॲडमिट झालेला पण त्याचा प्लॅन तीन वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच माणसाचा. अक्षर सुंदर, बॉर्डर सुंदर, मार्क पण चांगले. मी स्वतः शेकडो जर्नल तपासलेत, एकच वाक्य एकाच स्पेलिंगच्या चुकीसकट अकरा वह्यांमध्ये बघितलंय. मुलींना मी दोष देत नाही, उतरवलेल्याला मार्क मिळतात म्हणून त्या उतरवतात.

पण उतरवणं हा अर्धाच प्रश्न आहे. जी मुलगी प्रामाणिकपणे स्वतः लिहिते तिच्या बाबतीतसुद्धा रकान्यांची एक मोठी अडचण आहे, रकाने माणसाचे तुकडे करतात. श्वासाची अडचण एका ओळीत, जेवणाची दुसऱ्या, अशक्तपणाची तिसऱ्या, आणि त्या ओळींचा एकमेकींशी काय संबंध हे लिहायला कागदावर जागाच नसते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये, माझ्या हातून झालेलं सांगतेय.

मी शिकत होते तेव्हाची गोष्ट. कुठल्या हॉस्पिटलमध्ये ते महत्त्वाचं नाही, कुठंही झालं असतं. साठीच्या एक आजी होत्या, हार्ट फेल्युअर, पायावर सूज, उशा लावून बसूनच झोपायच्या. लॅसिक्स चालू होतं सूज उतरवायला आणि डिगॉक्सिन चालू होतं हृदयाला जोर यायला. मला केअर प्लॅनला त्याच दिल्या होत्या. चौथ्या दिवशी आजींनी जेवण सोडलं, दोनदा उलटी झाली. मी न्यूट्रिशनच्या ओळीत लिहिलं की थोडं थोडं वारंवार खायला द्यावं. हातपाय गळून गेलेत म्हणाल्या, ते मी ॲक्टिव्हिटीच्या ओळीत लिहिलं, विश्रांती द्यावी. मग त्या म्हणाल्या, "पोरी, आज भिंत पिवळी का दिसायलीय गं?" मी म्हटलं आजी वय झालं की असं होतं, आणि ते कुठंच लिहिलं नाही कारण त्याला रकानाच नव्हता. संध्याकाळच्या ड्युटीला ज्या इन्चार्ज सिस्टर आल्या त्यांनी आजींच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट ठोके मोजले, ४८ भरले. त्यांनी हातातली डिगॉक्सिनची गोळी ट्रेमध्ये परत ठेवली, डॉक्टरांना बोलावलं, रक्त पाठवलं, पोटॅशियम २.८ आलं. जे किमान साडेतीन तरी लागतं. आठवड्याभरात आजी चालत घरी गेल्या, पण ती गोळी त्या रात्री मी दिली असती. माझ्या त्या केअर प्लॅनला २० पैकी १८ मार्क होते.

लॅसिक्समुळे लघवी होते, लघवीवाटे पोटॅशियम जातं. हृदयाच्या पेशीवर जिथं डिगॉक्सिन जाऊन चिकटतं तिथंच पोटॅशियमचं पण काम असतं, त्यामुळे पोटॅशियम कमी झालं की डिगॉक्सिनला रान मोकळं मिळतं आणि तोच नेहमीचा डोस जास्त होऊन बसतो. मग मळमळ, उलटी, ठोके मंद, नजरेला पिवळं हिरवं. आणि जेवण सुटलं म्हणजे खाण्यातून येणारं पोटॅशियम पण बंद, म्हणजे अजून खाली. यातली एकेक गोष्ट मला पाठ होती, फार्माकॉलॉजीत लॅसिक्सचे साइड इफेक्ट पाठ होते, डिगॉक्सिनचे पण पाठ होते, ठोके ६० च्या खाली असतील तर गोळी थांबवून डॉक्टरांना कळवायचं हे पण पाठ होतं. सगळं पाठ होतं पण एकाला एक जोडलेलं नव्हतं. त्या सिस्टरांच्या डोक्यात जोडलेलं होतं.

आता कन्सेप्ट मॅप म्हणजे काय ते सांगते. मी त्याला मुलींसमोर नकाशाच म्हणते. मोठा कागद घ्यायचा, पेशंटच्या मुख्य अडचणी, आजार, औषधं, रिपोर्ट, घरची परिस्थिती अशा एकेक गोष्टी गोलात नाहीतर चौकटीत लिहायच्या, आणि त्यांच्यामध्ये बाण काढायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक बाणावर शब्द लिहायचा. दोन गोल आणि मधला शब्द मिळून एक पूर्ण वाक्य झालं पाहिजे, "लॅसिक्स, लघवीवाटे बाहेर काढतं, पोटॅशियम" असं. बाणावर शब्द नसेल तर तो बाण खोटा. हल्ली माइंड मॅप म्हणून मधे एक विषय आणि चहूबाजूंनी रंगीत फांद्या काढतात, ते दिसायला छान असतं, पण फांदीवर संबंधाचा शब्द नसतो, म्हणून मुलीला कळलंय की नुसतं आठवलंय ते आपल्याला समजत नाही. दोन्ही एकच समजून बरेच जण गल्लत करतात म्हणून मुद्दाम लिहिलं.

ही पद्धत नर्सिंगवाल्यांनी काढलेली नाही. अमेरिकेत कॉर्नेल युनिव्हर्सिटीत जोसेफ नोवाक नावाचे प्रोफेसर होते, शाळेतल्या लहान मुलांना सायन्स कसं समजत जातं याचा ते आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं अभ्यास करत होते, मुलांच्या मुलाखतींचे कागदांचे ढीग जमले आणि त्यातून कुठल्या मुलाच्या डोक्यात काय बदललं ते शोधणं अवघड होऊन बसलं, तेव्हा १९७२ च्या सुमारास त्यांनी मुलाला जे कळलंय ते असं गोल आणि बाणांनी मांडायला सुरुवात केली. त्याच्या मागे डेव्हिड ऑसुबेल यांचा विचार होता, हे ऑसुबेल स्वतः डॉक्टर पण होते आणि मानसशास्त्रज्ञ पण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की नवीन गोष्ट आधीच माहीत असलेल्या गोष्टीला जाऊन अडकली तरच ती शिकली जाते, नाहीतर ती नुसती घोकंपट्टी, आणि घोकलेलं लवकर उडून जातं. पुढे ही पद्धत मेडिकलमध्ये आली, नर्सिंगमध्ये आली, बाहेरच्या देशांत तर कित्येक ठिकाणी रकान्यांच्या केअर प्लॅनच्या जागी किंवा त्याच्या जोडीला मॅप काढून घेतात. आणि चित्र काढून सांगणं आपल्या पेशाला नवीन कुठंय, ज्यांच्या नावाने आपण १२ मे ला मेणबत्त्या लावतो त्या फ्लोरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५८ साली क्रिमियाच्या लढाईतल्या सैनिकांच्या मृत्यूंचा तो गोल तक्ता काढूनच दाखवून दिलं की जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी किती जास्त माणसं गेली.

मी सात वर्षांपूर्वी हे सुरू केलं, एका बॅचला, एकाच पोस्टिंगसाठी. पहिले दोन आठवडे मुली वैतागल्या. वहीत सरळ ओळीत लिहायची सवय, इथं कागद भरून जातो, खोडाखोड होते, काहींना रडू आलं. विशेष म्हणजे ज्या मुली पाठांतरात पहिल्या त्या जास्त अडकल्या आणि ज्या मागच्या बाकावर गप्प असायच्या त्यातल्या दोघी तिघी एकदम पुढे आल्या.

यात एक गोष्ट मला अपघाताने सापडली आणि माझ्या मते आपल्या भागासाठी तीच सगळ्यात मोलाची आहे. अभ्यासक्रम सगळा इंग्रजीत आहे. मुली इंग्रजी वाक्यं पाठ करतात, लिहितात, पण त्या वाक्यातला संबंध कुठल्या शब्दात आहे ते त्यांना दिसत नाही. मी एका मुलीला म्हटलं, गोलातले शब्द राहू दे इंग्रजी, बाणावर मराठीत लिही. आणि काय सांगू, बांध फुटल्यासारखं झालं. मुळे, म्हणून, वाढवतं, घटवतं, रोखतं, लांबवतं, उघडं पाडतं. एकीने हृदयाच्या ठोक्यांवर जे बीटा ब्लॉकर देतात त्याच्यापासून शुगर लो होण्याच्या लक्षणांकडे बाण काढला आणि वर लिहिलं "लपवतं". एवढा एक शब्द. शुगर खाली गेली की छाती धडधडते, हात थरथरतात, त्यावरून आपल्याला कळतं, पण बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड आणि थरथर दबून जाते, घाम मात्र येतो. म्हणजे अशा पेशंटला नुसता घाम आला तरी शुगर चेक करायची. हे ती मुलगी आयुष्यभर विसरणार नाही कारण तिनं तिच्या भाषेत ते जोडलं. परीक्षेत इंग्रजीत लिहायचंय ते लिहील ती, पण विचार ज्या भाषेत होतो त्या भाषेत आधी करू द्या ना. कन्नडवाल्या मुलीने कन्नडमध्ये लिहावं, मला वाचता येत नसेल तर ती मला वाचून दाखवेल.

आता विडीवाल्या मावशींचं सांगते. सोलापूरच्या लोकांना वेगळं सांगायला नको, किती घरांत बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, हजाराला इतके असा हिशोब, विडी वळली तर पैसे. पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी तळपायाच्या जखमेसाठी ॲडमिट होत्या, अकरा वर्षांपासून शुगर. मे महिन्यात भर दुपारी अनवाणी गच्चीवर कुरडया पालथ्या करायला गेल्या, तळपाय भाजला आणि त्यांना कळलंच नाही, संध्याकाळी नातीनं फरशीवर ओले डाग बघितले तेव्हा समजलं. शुगरमुळे पायाच्या नसांची जाणीव गेलेली, आणि आपल्याकडची मेची उन्हं, स्लॅब तव्यासारखा तापतो. माझ्या एका विद्यार्थिनीला ही केस दिली होती, तिच्या घरी तेलुगू बोलतात आणि मावशी पण तेलुगूच, त्यामुळे दोघींचं जमलं.

केअर प्लॅनमध्ये अशा केसला ठरलेल्या ओळी असतात, ड्रेसिंग करावं, पायावर जोर देऊ नये, डायबेटिक डाएट द्यावा, औषधं वेळेवर घेण्याचं महत्त्व समजवावं. ती मुलगी नकाशा काढायला बसली. जखमेपासून तिनं "भरत नाही" असा बाण उलटा लावत नेला, भरत नाही कारण शुगर वाढलेली, शुगर वाढलेली कारण गोळी सोडलेली. गोळी का सोडली? हा प्रश्न रकान्यात कुणी विचारतच नाही, तिथं पेशंट ऐकत नाही असं लिहून मोकळे होतात. पण नकाशावर बाण अर्धवट लोंबकळत होता म्हणून ती परत मावशींकडे गेली. मावशी म्हणाल्या गोळी घेतली की चक्कर येते, डोळ्यापुढं अंधारी येते, म्हणून सोडली. कधी येते चक्कर? सकाळी अकरा साडेअकराला. सकाळी काय खाता? चहा. जेवण? हजार पुरं झाल्यावर, दोन वाजतात. मुलीनं कागदावर "गोळी" आणि "उशिरा जेवण" दोन्हीकडून एकेक बाण काढून "शुगर लो" ला आणून जोडले, कारण शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेऊन पोट रिकामं ठेवलं की शुगर खाली येणारच. मग "उशिरा जेवण" पासून एक बाण "हजारी" ला गेला, "हजारी" पासून "मजुरी" ला, आणि मजुरीपासून "पायाला आराम" कडे एक बाण, त्यावर लिहिलं "होऊ देत नाही". कारण विड्या वळायला आठ आठ तास मांडी घालून बसायचं, म्हणजे जखमेवर दाब. आणि पाय बरा नाही म्हणून काम कमी, काम कमी म्हणून पैसे कमी, म्हणून जास्त वेळ बसायचं. फिरून बाण जखमेवरच आला. पूर्ण चक्र कागदावर. आपल्याकडच्या लोकांना ताणा बाणा म्हटलं की पटकन कळतं, उभे दोरे तर सगळ्यांना दिसतात, आडवा दोरा कुठून गेलाय ते बघितल्याशिवाय चादरीची नक्षी कळत नाही.

ती मुलगी तो कागद घेऊन राउंडच्या आधी सिस्टरांकडे गेली, सिस्टर डॉक्टरांशी बोलल्या, गोळी आणि तिची वेळ बदलली, सकाळी गोळीबरोबर भाकरी खायचीच असं ठरलं, आणि सूप मांडीवर न घेता स्टुलावर ठेवून पाय सरळ करून कसं बसायचं ते वॉर्डातच बसवून दाखवलं. मावशींच्या सुनेला पण बोलावलं. जखम भरायला अडीच महिने लागले, काही जादू झाली नाही, पण बोट कापायची वेळ आली नाही. मला कुणी विचारलं की कन्सेप्ट मॅपने काय फरक पडतो तर मी तो कागद दाखवते, वर नाव गाव काही नाही, नुसते गोल आणि बाण. नाव लिहू द्यायचंच नाही हा माझा नियम आहे, आणि पेशंटच्या मॅपचा फोटो काढून स्टेटसला ठेवायचा नाही हा दुसरा.

आता अडचणी पण सांगते, नाहीतर लोक म्हणतील एकच बाजू लिहिली. वेळ लागतो, पहिल्या पहिल्यांदा एका मॅपला तीन चार तास जातात. नियमाने दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असायला पाहिजे, तेवढे शिक्षक जिथं असतात तिथं हे निभतं, जिथं एका ट्यूटरच्या मागे तीस मुली लावल्यात तिथं तीस नकाशे कोण बघणार, आणि नुसते काढून घेऊन न बघता ठेवले तर सहा महिन्यांत मॅपची पण झेरॉक्स मिळायला लागेल. हे मी भीतीपोटी नाही, माणसाचा स्वभाव ओळखून लिहितेय. मार्क देण्याचा प्रश्न पण आहे. नोवाक आणि त्यांचे सहकारी गोविन यांनी १९८४ मध्ये मार्क द्यायची एक पद्धत मांडली होती, बरोबर असलेल्या प्रत्येक संबंधाला १, वरून खाली उतरत्या प्रत्येक पायरीला ५, आणि दोन वेगळ्या भागांना जोडणाऱ्या महत्त्वाच्या आडव्या बाणाला १०. त्यातला विचार मला एकदम पटतो, आडव्या बाणाची किंमत दहापट, आजींच्या केसमधला लॅसिक्सपासून डिगॉक्सिनकडे जाणारा बाण म्हणजे तोच. पण नुसतं मोजून मार्क दिले की मुली कुठूनही कुठंही बाण काढतात, मी हे एक वर्ष करून बघितलं आणि सोडलं. आता मी एकच करते, मॅपवरच्या कुठल्याही एका बाणावर बोट ठेवते आणि म्हणते, हा कसा, सांग. तिथं उतरवलेलं लगेच कळतं. पाच मिनिटं लागतात एका मुलीला.

आणि मॅपने सगळं होतं असंही माझं म्हणणं नाही. शीर शोधणं, कॅथेटर घालणं, बेड सोअरवाल्या माणसाला कूस बदलून देणं हे हातानेच शिकायचं असतं, त्याला कागद चालत नाही. वॉर्डातलं रेकॉर्ड, नर्सेस नोट्स, हे पण जसं लिहायला पाहिजे तसं लिहावंच लागतं, ते कायद्याचं काम आहे. मॅप शिकण्यासाठी आहे. हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी संपताना पुढच्या सिस्टरकडे पेशंट सोपवताना, मात्र त्याचा फायदा होतो, ज्या मुलीनं मॅप काढलेला असतो ती हँडओव्हर देताना बेड नंबर चार, सलाइन चालू, एवढं बोलून थांबत नाही, काय झालं तर काय बघायचं ते पण सांगते.

माझं मागणं फार मोठं नाही. बीएस्सीचा अभ्यासक्रम आता सेमिस्टरचा झालाय, आठ सेमिस्टर आहेत, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, त्याची तीन वर्षं आहेत. प्रत्येक क्लिनिकल पोस्टिंगला जे चार चार पाच पाच केअर प्लॅन लिहून घेतात त्यातले दोन कमी करा आणि त्या जागी एक मॅप घ्या, पेशंटजवळ बसून काढलेला, पेन्सिलने. दोन दिवसांनी तोच मॅप दुसऱ्या रंगाने दुरुस्त करायला लावा, कारण पेशंट बदलतो, रिपोर्ट बदलतात, आणि काय बदललं ते दिसलं पाहिजे. इंटर्नल असेसमेंटमध्ये त्याला खरे मार्क द्या, नाहीतर मुली मन लावणार नाहीत आणि त्यात त्यांची चूक नाही. याला खर्च शून्य आहे. कॉम्प्युटरवर काढायला सीमॅपटूल्स नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण मी तेही वापरत नाही, आमच्याकडे मुली घरून जुनी कॅलेंडरं आणतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काढतात, मोठा कागद लागतो ना, वहीचं पान पुरत नाही.

प्राचार्य मंडळींना एक विनंती, इन्स्पेक्शनला दाखवायला सुंदर बॉर्डरची जर्नलं लागतात म्हणून हे अडवू नका. मला एका ठिकाणी तोंडावर सांगितलं गेलं की मॅडम हे कागद घाणेरडे दिसतात, फाइलला लावता येत नाहीत. मला त्याचं फार वाईट वाटलं होतं. ती खोडाखोडच मुलीचा विचार आहे, तीच बघायची असते.

आणि शेवटचं, हे पत्र वाचणाऱ्या रिटायर्ड सिस्टरांसाठी. तुमच्यातल्या कितीतरी जणींनी तीस तीस पस्तीस पस्तीस वर्षं वॉर्ड सांभाळलेत, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघून याचं काहीतरी बिघडणार हे तुम्हाला तासभर आधी कळायचं, माझ्या त्या इन्चार्ज सिस्टरांना कळलं तसं. ते कसं कळायचं हे तुम्ही कधी कागदावर लिहिलं नाही कारण तुम्हाला कुणी विचारलं नाही. तुमच्या घराजवळ जे नर्सिंग कॉलेज असेल तिथं जा, प्राचार्यांना भेटा, आठवड्यातून एक तास मागा. मुलींच्या मधे बसा, त्यांच्या कागदावर त्यांचे गोल बघा आणि जिथं बाण पाहिजे होता आणि नाहीये तिथं बोट ठेवा. दुपारी तीन ते चार ही वेळ बरी असते, राउंड झालेला असतो आणि मुली मोकळ्या असतात. मी ज्या वॉर्डात असेन तिथं तर तुमच्यासाठी खुर्ची ठेवलेलीच आहे.

आपली नियमित वाचक,
एक नर्सिंग ट्यूटर, जुळे सोलापूर